यॉर्कशायर डेल्स: गाडीतून उतरा आणि चाला

लंडनला आलेले आपले पाहुणे "एक दिवस इंग्लंडचं खेडं बघून येऊ" म्हणतात आणि बसने कॉट्सवोल्ड्सला जाऊन येतात. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, ओढ्यावरचे ठेंगणे पूल, कुठेतरी चहा आणि स्कोन. सुंदर आहेच ते. पण मला विचाराल तर आणखी उत्तरेला, यॉर्कशायर डेल्सला, म्हणजे यॉर्कशायरच्या दऱ्यांमध्ये या आणि तिथे चाला. इथला निसर्ग, इथली गावं, इथली माणसं ही सगळी पायवाटेवरच भेटतात.

ही पायवाट काय चीज आहे ते आधी सांगतो, कारण मला इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त हेवा तिचाच वाटतो. शेत खाजगी असतं, कुरण खाजगी असतं, पण त्यातून जाणारी नोंदलेली वाट सगळ्यांची असते. शेतमालकालाही ती अडवता येत नाही. १९४९ च्या कायद्याने काउंटी काउन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि आज इंग्लंड-वेल्समध्ये मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत. खांबावर पिवळा बाण असेल तर वाट पायी चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही चालतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या मोठ्या प्रमाणावरच्या (१:२५,०००) नकाशावर त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. तो कागदी नकाशा घ्याच, दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते.

वाट दगडी गडग्यापाशी येते तेव्हा तिथे माणूस तिरका होऊन निघेल पण मेंढी निघणार नाही एवढी फट असते, नाहीतर भिंतीतूनच बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या. हे गडगे चुना-सिमेंटशिवाय रचलेले. दोन बाजूंना दोन थर, मध्ये बारीक दगडांची भर आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड. बरेचसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सामायिक माळ वाटून कुंपणात घेतले गेले तेव्हाचे आहेत. जमीन वाटली गेली, तरी भिंतींमधून चालण्याची जागा राहिली. एक पाळाच: फाटक बंद दिसलं तर बंद करून जा, उघडं दिसलं तर उघडंच ठेवा. आणि वासरं बरोबर असलेल्या गाईंपासून लांबून वळसा घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मॅलम या गावाभोवतीची फेरी करावी. लीड्सहून रेल्वेने स्किप्टन, पुढे बस, पण ती फार थोड्या वेळा असते, वेळापत्रक आधी पाहा. गावातून ओढ्याच्या कडेने निघालं की जॅनेट्स फॉस हा छोटा धबधबा लागतो. मे महिन्यात इथे रानलसणाची पांढरी फुलं असतात आणि सगळ्या राईला लसणाचा वास येतो. धबधब्यामागच्या गुहेत जॅनेट नावाची पऱ्यांची राणी राहते असं म्हणतात. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत.

पुढे गॉर्डेल स्कार ही घळ. दोन्ही बाजूंनी चुनखडीचे कडे अंगावर येतात आणि वळणाआडून पाणी कोसळताना दिसतं. चित्रकार जेम्स वॉर्डने दोनशे वर्षांपूर्वी काढलेलं याचं अवाढव्य चित्र लंडनच्या टेट ब्रिटन कलासंग्रहालयात आहे. धबधब्याला लागून खडकावरून वर चढता येतं, पण पाणी जास्त असेल तर हट्ट करू नका. मागे रस्त्यावर या, तिथून मॅलम कोव्हच्या माथ्याकडे जाणारी वाट आहे.

कोव्ह हा जवळपास ८० मीटरचा आत वळलेला कडा. कोकणकडा पाहिलेल्याला उंचीचं कौतुक वाटणार नाही. मला थांबवलं ते माथ्यावरच्या खडकाने. पावसाच्या आम्लाने चुनखडी खात खात तिच्या लाद्या केल्या आहेत आणि लाद्यांमधल्या खोल भेगांत, वाऱ्यापासून लपून, नेचे वाढतात. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून पडत असे. मग ते जमिनीखाली गेलं. डिसेंबर २०१५ मधल्या वादळी पावसात मात्र कुणाच्या आठवणीत कधी पडलं नव्हतं ते पाणी काही काळ पुन्हा कड्यावरून पडलं! वरच्या मॅलम टार्न तळ्याचा प्रवाह मध्येच जमिनीत गडप होतो. तो कोव्हच्या पायथ्याशी निघत असेल असंच कुणालाही वाटेल, पण निघतो गावाच्याही खाली. पायथ्याच्या झऱ्याचं पाणी दुसरीकडूनच येतं. वसंतात कड्यावर बहिरी ससाणा घरटं करतो, दुर्बीण असू द्या. सुमारे ४०० पायऱ्या उतरल्या की गाव जवळच.

एक दिवस सेटल–कार्लाइल रेल्वेसाठी ठेवा. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल १८७० च्या दशकात मजुरांनी त्या दलदलीच्या माळावर उभा केला. कितीतरी मजूर आणि त्यांच्या वस्तीतली पोरंबाळं तिथेच गेली, चॅपल-ली-डेलच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे. १९८० च्या दशकात हा मार्ग बंद व्हायचा होता. लोकांनी हरकती नोंदवल्या, एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही त्यांत होता, आणि १९८९ मध्ये सरकारने मार्ग वाचवला. त्या कुत्र्याचा पुतळा गार्सडेल स्थानकावर आहे. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नाही.

गार्सडेलहून स्थानिक लोकांनी चालवलेली लिटल व्हाइट बस हॉज या गावाला नेते. हॉजचं वेन्स्लीडेल चीज फ्रान्सहून आलेल्या मठवासींच्या काळापासूनचं. १९९२ मध्ये इथला कारखाना बंद झाला, तेव्हा इथल्याच व्यवस्थापकांनी तो विकत घेऊन काही महिन्यांत पुन्हा सुरू केला. फ्रूट केकच्या तुकड्यावर हे चीज ठेवून खातात. तुम्हीही तसंच खा.

आणि जून असेल तर डोंगरापलीकडे स्वेलडेलमधलं म्यूकर चुकवू नका. गावाबाहेरच्या गवताळ शेतांत तेव्हा फुलंच फुलं असतात. मधून एका माणसापुरती फरसबंद वाट जाते आणि एकामागे एक चाला अशी विनंती तिथे लिहिलेली असते, कारण हेच गवत वाळवून हिवाळ्यात जनावरांना घालायचं असतं. फोटोसाठी फुलांत शिरणारे दिसले तर त्यांना जरूर सांगा. जुलैत कापणी सुरू होते, म्हणून सुट्टी त्याआधीची काढा.