लेकीच्या एनएमएमएसचे कागद

लेक आठवीत गेली आणि ऑगस्टमध्ये तिच्या बाईंनी शाळेत बोलावून घेतलं. सातवीला ५५ टक्क्यांच्या वर होती, शाळा अनुदानित, म्हणून एनएमएमएसला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, बसवायची म्हणाल्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आमचं कितीतरी आत आहे, पण ते कागदावर यायला हवं ना!

आमचे हे हर्णैला बोटीवर खलाशी. पगाराची पावती कसली, हिश्शाचे पैसे मिळतात. मी सुकट विकते. तलाठ्यापुढे जबाब द्यायचा, मग सेतूत अर्ज, मग तहसीलचा दाखला. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून बोट सुटलेली, आणि जबाबावर सही यांची! किनाऱ्याला येतील त्या दिवशी गाठून नेलं. दापोलीला तीन फेऱ्या झाल्या. एक फेरी म्हणजे माझा एक दिवसाचा धंदा बुडाला.

दाखला मिळाला तर बाईंना आधारकार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं दिसलं. "वहिनी, आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवड झाल्यावर शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर नाव जुळलं नाही तर पैसे अडकतात." त्यांनी बोनाफाईड लगेच लिहून दिला. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

शाळा सुटल्यावर रोज जादा तास. परीक्षेला बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०, प्रत्येक पेपरला दीड तास. शालेय पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. लेक विज्ञानात पक्की होती, आकृत्यांच्या प्रश्नांना मात्र रडायची. लाईट गेली तरी बॅटरीच्या उजेडात सोडवत बसायची. मला त्यातलं कळत नव्हतं, मी घड्याळ धरून शेजारी बसायची.

यादीत नाव आलं तेव्हा वाटलं, सुटलो. पण पुढे पोर्टलवर अर्ज भरायचा, तिच्या नावाचं खातं आधारला जोडायचं, मग शाळेची तपासणी, मग जिल्ह्याची. मुदत चुकली तर परीक्षा पास होऊनही हाती काही नाही. आणि हे दरवर्षी. नववी पहिल्याच खेपेत पास व्हायची, दहावीला ६० टक्के आणायचे.

पहिले १२,००० आले ते तिने पासबुकात दोनदा वाचले.

आठवीत मूल असलेल्या आमच्या वाडीतल्या बायकांना मी आता मे महिन्यातच सांगते: बोटी वर ओढल्या की जूनमध्येच दाखला काढा, घरचा माणूस सहीला घरात असतो. आणि आधारकार्ड शाळेच्या रजिस्टरशेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा.