खानापूर सोडून एक महिना

खानापूर ते बेळगाव २५-२६ किलोमीटर, लांब कुठं आलोय मी, पण आई रोज फोनवर दुबईला गेल्यासारखं विचारते. पिरनवाडीजवळ नव्या लेआउटमध्ये भाड्यानं घर घेतलंय, एका खिडकीतून भाताचं शेत दिसतं, दुसरीतून जेसीबी, पुढच्या वर्षी दोन्हीकडं बिल्डिंगच दिसणार बहुतेक. पाणी कधी येतं ते अजून कळलेलं नाही, म्हणून बादल्या भरूनच असतात.

आज टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं आणि ऑफिसला उशीर, वर साहेबांची बोलणी. वैतागून घरी आलो तर शेजारच्या अज्जी दारातूनच, "ऊटा आत्री?" जेवण झालं का एवढंच, पण मला कन्नड तेवढंच कळतं की! हो म्हटलं, तरी वाटीभर कुंदा हातात. तसाच उभ्या उभ्या खाल्ला.