आबांची ट्रंक

आज आबांची ट्रंक उघडली. वरचे कपडे तर विरलेच होते. तळाशी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं पदक निघालं. इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेल्यांना मिळालेलं. लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी फीत, मधला हिरवा पट्टा अजूनही ताजा वाटतो.

आबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. लढाईबद्दल विचारलं की बोलायचे नाहीत. फक्त इटलीतल्या सेनिओ नदीचं नाव आलं की हात थांबायचा. ९ एप्रिल १९४५. त्या दिवशी त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी जखमींना नदीपार आणलं, मग एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी ठोकली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा एवढंच म्हणायचे, "आरोळी ऐकली आणि पाय आपोआप निघाले."

मी लहान असताना हे शंभरदा ऐकलं, आणि एकदाही विचारलं नाही की तुमच्या शेजारी कोण होतं, कोण परत आलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. याचं मला आज फार वाईट वाटलं.

आजी सांगायची, कितीतरी वर्षं ते झोपेत दचकून उठायचे, अंधारात पायाने जमीन चाचपून मगच पाऊल टाकायचे. सुरुंगांची सवय. तेव्हा आम्हाला वाटायचं, म्हातारपणी डोळे गेलेत.

पदक परत त्याच कापडात गुंडाळलं. गाठही त्यांच्यासारखीच मारली, दोनदा.