खजराना आणि महेश्वर: दोन नाती, एक नवस आणि एक उधारी

आमच्या घरात नवस बोलणारा माणूस मी नव्हे. गणपतीचे दहा दिवस आरतीला टाळ कुटायचे, एवढीच माझी भक्ती. पण मागच्या कार्तिकात सूनबाईंना आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलं. जुळ्या नाती झाल्या. एक दीड किलोची, दुसरी त्याहून कमी, दोघीही काचेच्या पेटीत. तिसऱ्या पहाटे मी देवघरातला चांदीचा करंडा खिशात टाकला, स्कूटर काढली आणि खजरान्याच्या गणपतीमागच्या भिंतीवर कुंकवाचं उलटं स्वस्तिक काढून आलो. इंदुरात ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे: मागताना उलटं, मिळालं की येऊन सुलटं. घरी बोललो नाही. करंडा मात्र तिथेच कुठेतरी राहिला.

फाल्गुनात डॉक्टरांनी मुलींना बाहेर न्यायला परवानगी दिली, तेव्हा सांगणं भाग पडलं. ही बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "करंड्यावरून मी कामवाल्या बाईंना काय काय बोलले, आठवतंय?" आठवत होतं. तेव्हा मी पेपर वाचत होतो.

खजराना चौकापासून मंदिर जवळच आहे. बुधवार आणि चतुर्थी टाळा. तान्ही मुलं घेऊन त्या रांगेत उभं राहू नये. आम्ही मंगळवारी सहाला पोचलो आणि दर्शन निवांत झालं. कुंकू घरूनच न्या, सोबत थोडं तूप. कोरडं कुंकू भिंतीवर धरत नाही. मी माझं स्वस्तिक शोधत बसलो, पण भिंत अशी माखलेली की कुणाचं कोणतं, देवच जाणे. फुलवाला हसला, "बाऊजी, जगह नहीं ढूँढते. और बच्चे दो हैं तो सातिये भी दो बनाओ." दोन काढली. दुसरं जरा तिरकं आलं.

तिथून थेट महेश्वरला निघालो, ही चूक. एका दिवसात दोन्ही उरकू नका. अंतर साधारण नव्वद किलोमीटर: राऊ, महू, मानपूर, मग घाट उतरून धामनोद आणि तिथून डावीकडे आत. कागदावर अडीच तास, पण दोन बाळांचं दूध, ढेकर, लंगोट धरून आम्हाला चार लागले. नर्मदेच्या घाटावर पोचेपर्यंत दगड तापले होते. बाबागाडी नेलीत तर किल्ल्याच्या पायऱ्यांवर तीच तुम्हाला उचलावी लागेल. मुलं झोळीत बांधा. नर्मदामाईची ओटी घाटावरूनच भरली. होडीतून नदीच्या पात्रातल्या बाणेश्वराच्या देवळात जायचा मोह होतो. लहान मुलं असतील तर आवरा. खण आणि प्लास्टिक पाण्यात सोडू नका. हिने ओटी पाण्याला लावून खण जवळच्या एका परिक्रमावासी बाईला दिला.

राजराजेश्वराच्या मंदिरात अकरा अखंड दिवे तेवतात, त्यांना तूप देता येतं. ते देऊन वर वाड्यात अहिल्याबाईंची गादी पाहिली. साधी, पांढरी. मुलगा मालेराव 1767 साली गेला, पुढे लेकीचा मुलगाही गेला, आणि बाई 1795 पर्यंत राज्य चालवत राहिल्या. धाकटीला खांद्यावर घेऊन तिथे उभं राहवलं नाही, मी बाहेर आलो.

मुलींना पाजायला शांत जागा हवी असेल तर संकोच न करता एखाद्या साडीच्या दुकानात विचारा. आम्हाला मालकीणबाईंनी आतली खोली उघडून पंखा लावून दिला. मग साडी घेणं आलंच. एक सूनबाईंना. दुसरी निवडताना हिने पाऊण तास घालवला. माहेश्वरीचे काठ बुगडीचे, म्हणजे उलटसुलट दोन्हीकडून चालणारे, म्हणून साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते, हे विणकराने उलटसुलट करून दाखवलं.

"तुला?" मी विचारलं.

"बाईंना. आणि द्यायला तुम्ही जायचं. करंड्याचं काय झालं तेही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला आल्या तेव्हा मी साडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्यांनी हात पदराला पुसले, सगळं ऐकून घेतलं, साडी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "आधी सांगा, मुली कशा आहेत?"