पैसा सुगीला येतो, भाडं पाच तारखेला

मुंबईत शिकायला आलेल्या पोरीला गावाकडं सगळे एकच विचारतात, महिन्याला किती लागतात गं? मावशी विचारते, शाळेतले सर विचारतात, ज्यांची मुलगी पुढच्या वर्षी इकडं यायचीय ते तर हमखास विचारतात. मी आकडा सांगते, लपवण्यासारखं काही नाही त्यात, पण खरं तर किती लागतात यापेक्षा कधी लागतात हे जास्त महत्त्वाचंय आणि ते कुणीच विचारत नाही.

आमचं घर औसा तालुक्यात, लातूर जिल्हा. कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. म्हणजे घरात पैसा येतो दोनदा, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन अडतीवर गेलं की आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाली की. मधले महिने उधारीवर, हातउसन्यावर आणि आईच्या बचत गटावर निघतात, गावात ते चालतं कारण दुकानदारालाही माहितीय की सुगीला पैसे येणार. आता मुंबईचं बघा. अ‍ॅडमिशन जून-जुलैत. फी तेव्हा, रूमचं डिपॉझिट तेव्हा, गादी, बादली, पुस्तकं सगळं तेव्हाच. आणि जून म्हणजे पेरणी, बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, घरात पैसा सगळ्यात कमी असतो तो महिना. मराठवाड्यातून, विदर्भातून दरवर्षी इतकी पोरं पुण्या-मुंबईला येतात त्यातल्या बहुतेकांच्या घरी ही गाठ बसलेली असते, पैसे असतात पण तेव्हा नसतात.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमचं अर्ध्याहून जास्त सोयाबीन पाण्यात गेलं. उरलं ते काळं पडलेलं. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, पण डागी मालाला तो भाव कुठं मिळतोय. तेव्हा पप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "तुझं भाडं कोणत्या तारखेला द्यायचं असतंय?" किती ते नाही विचारलं, ते त्यांना पाठ आहे. पाच तारीख, मी म्हणाले. तेव्हापासून ही तारीख माझ्या डोक्यातून जातच नाही.

मी राहते कळव्याला, कॉट बेसिसवर, म्हणजे अख्ख्या खोलीचं नाही, फक्त आपल्या कॉटचं भाडं द्यायचं, एका खोलीत आम्ही चौघी. शिकते कलिनाला, मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी कॅम्पसमध्ये. सांताक्रूझ किंवा कुर्ल्यात रूम बघायला गेलो होतो तेव्हा डिपॉझिटचा आकडा ऐकूनच पप्पा उठले, वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं वेगळं. कळव्याला कॉटचे साडेचार हजार आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणून कळवा.

प्रवासाचं सांगते कारण नव्यानं येणाऱ्यांचा अंदाज इथंच चुकतो. लोकल ही मुंबईतली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. कॉलेजकडून कन्सेशनचा फॉर्म घेतला की विद्यार्थ्यांना सेकंड क्लासचा पास निम्म्या पैशांत मिळतो, फॉर्म मिळाला की लगेच खिडकीवर जायचं कारण तो थोडेच दिवस चालतो. कळवा ते कुर्ला महिनाभर जायचं-यायचं आणि त्याला जे पैसे पडतात तेवढे कुर्ला वेस्टला उतरून दोन-चार दिवस शेअर रिक्षानं कॅम्पसला गेलं तरी संपतात. खरंच. वीस-बावीस किलोमीटर लोकलनं आणि शेवटचे तीन-चार किलोमीटर रिक्षानं, आणि महाग पडतात ते शेवटचे. एकटीनं मीटरवर गेलं तर १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं कमीत कमी भाडंच २६ रुपये झालंय. बेस्टची बस आहे, पण तिचं कमीत कमी तिकीटही मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झालं. बातमीत ते "पाच रुपयांनी वाढ" असं दिसतं. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या मुलीचा बसचा खर्च सरळ डबल झाला. सकाळी वेळ असेल तर मी बसच्या लायनीत उभी राहते. संध्याकाळी लायब्ररीतून निघायला उशीर झाला तर मात्र रिक्षा, तिथं मी पैसे बघत नाही आणि कुठल्याच मुलीनं बघू नयेत. मुलींच्या बजेटमध्ये हा खर्च मुलांपेक्षा जास्त असणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आईला एकदा नीट सांगितल्यापासून ती स्वतःच विचारते, रिक्षाला पैसे हायत ना गं?

आता मुख्य गोष्ट. इथं राहून माझ्या लक्षात आलं की जी गोष्ट स्वस्तात पडते तिला पैसे एकदम द्यावे लागतात आणि ज्याच्याकडं एकदम पैसे नसतात त्याला तीच गोष्ट महाग पडते. पासच घ्या, तीन महिन्यांचा काढला तर २.७ महिन्यांचे पैसे लागतात, कन्सेशनमध्ये ही बचत किरकोळ आहे पण हिशोब तोच. डब्याचं बघा. आमच्या डब्याच्या मावशी महिन्याचे आगाऊ दिले तर एक वेळच्या डब्याचे अठराशे घेतात, चार चपात्या, भाजी, वरण-भात. रोजचा रोज घेतला तर तोच डबा ऐंशी रुपये. सव्वीस दिवस धरा, दोन हजार ऐंशी होतात. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला हातात अठराशे नाहीत म्हणून जवळजवळ तीनशे रुपये जास्त जातात, आणि ज्या महिन्यात पैसे उशिरा येतात नेमके त्याच महिन्यात. गॅसचं तसंच. घरगुती कनेक्शनला पत्त्याचा पुरावा लागतो, कॉटवर राहणाऱ्यांकडं तो कुठून असणार, मग नुसत्या ओळखपत्रावर मिळणारी पाच किलोची छोटी टाकी घ्यायची, ती किलोमागं १४.२ किलोच्या घरगुती टाकीपेक्षा महाग. तांदूळ किलो-किलोनं महाग, दहाची बॅग स्वस्त. (शाम्पूचं मात्र उलटं आहे, एक-दोन रुपयांची पुडी बहुतेक वेळा बाटलीपेक्षा स्वस्तच पडते, हिशोब करून बघा.)

भाजीत तेवढी सूट आहे कारण भाजी एकदम घेऊन ठेवताच येत नाही. कळवा स्टेशनबाहेर रात्री साडेआठनंतर भाजीवाल्या बायका वाटे लावतात, टोमॅटो पाच-सहा, त्यातला एखादा मऊ पडलेला, वांगी, मिरच्या, आल्याचा एवढासा तुकडा. वीस रुपयांचा वाटा नऊ वाजता दहा रुपयांना होतो. माझी चिपळूणची रूममेट वाटा हातात घेत नाही, आधी बोटानं टोमॅटो फिरवून मागची बाजू बघते, मग घेते. मेथी कुर्ल्यालाच घेतली असली तर परतताना लेडीज डब्यात बसल्या बसल्या निवडून होते, मुलुंड येईपर्यंत जुडी संपते, शेजारच्या काकूपण हात लावतात, न सांगता. देठं आपल्याच पिशवीत टाकायची, डब्यात टाकलेली त्या काकूंना अजिबात चालत नाहीत. ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी घरून येते, ट्रॅव्हल्सच्या गाडीत डबा ठेवतात आणि मी पहाटे घ्यायला जाते, त्यावर रात्रीचं जेवण निघतं.

एकदम पैसे नसण्याची ही अडचण या शहरात आमच्यापासून सुरू झालेली नाही. मुंबईच्या गिरणगावात जेव्हा कापडाच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा एकट्यानं राहणारे कामगार खानावळीत जेवायचे आणि महिन्याचा पगार झाला की पैसे द्यायचे. मग महिनाभर त्यांना जेवायला घालणाऱ्या बायकांनी धान्य कशावर आणायचं, तर उधारीवर, वाण्याकडून आणि सावकाराकडून, जबर व्याजानं. जेवण त्या करायच्या आणि त्यातला फायदा व्याजात जायचा. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी, त्यांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हे मी लेक्चरमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या डब्याच्या मावशीच दिसायला लागल्या. त्या आगाऊ पैसे का मागतात ते तेव्हा नीट कळलं, त्यांना पण तेल आणि गव्हाचं पोतं एक तारखेलाच आणायचं असतं. त्यानंतर मी डब्याच्या पैशांवरून त्यांच्याशी कधी घासाघीस केलेली नाही आणि करणार नाही.

शिष्यवृत्तीचंही तारखेशीच येऊन अडतं. आमच्या खोलीतली परभणीची मैत्रीण डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत आहे, सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी ही योजना आहे, मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. योजना फार चांगली आहे, तिच्याशिवाय ती मुंबईत राहूच शकली नसती असं ती स्वतः म्हणते. ज्यांचं बसतंय त्यांनी फॉर्म नक्की भरा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार लिंक असलेलं बँक खातं गावाकडून निघतानाच तयार ठेवा, इथून तहसीलला चकरा मारायला कुणाला जमत नाही. पण पैसे हप्त्यानं येतात आणि तिचा गेल्या वर्षीचा हप्ता आला तोपर्यंत परीक्षा होऊन गेली होती. जेवणाचे पैसे जेवून झाल्यावर कितीतरी महिन्यांनी आले. त्या काळात तिनं दुपारचा डबा बंद केला होता आणि आम्हाला सांगितलं की दुपारी भूकच लागत नाही. मला याचा अजून त्रास होतो. रक्कम मंजूर आहे, मुलगी पात्र आहे, यादीत नाव आहे, मग जूनचा पैसा जूनमध्ये का नाही देता येत?

त्यातूनच आम्ही भिशी सुरू केली. आम्ही चौघी आणि शेजारच्या खोलीतल्या दोघी, सहा जणी. महिन्याला प्रत्येकी हजार, सात तारखेपर्यंत, सहा हजार एकीला. आमच्या आयांच्या भिशीत चिठ्ठी निघते किंवा बोली लागते, आम्ही दोन्ही करत नाही. वर्षाच्या सुरुवातीला बसून प्रत्येकीनं सांगायचं की तुला कोणत्या महिन्यात एकदम पैसे लागणार, आणि त्याप्रमाणं नंबर लावायचे. मला फीसाठी जूनमध्ये, परभणीच्या मैत्रिणीला डब्याच्या आगाऊ पैशांसाठी ऑगस्टमध्ये कारण तोपर्यंत तिचा हप्ता येत नाही, चिपळूणचीला गणपतीच्या आधी कारण ती घरी जाताना बहिणीची फी भरते. दोघींना एकच महिना हवा असला तर रक्कम अर्धी-अर्धी. पैसे यूपीआयनं टाकायचे आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात आधी सांगायचं, गप्प बसायचं नाही, एवढा एकच नियम कडक आहे. व्याज नाही, दंड नाही. सहा हजारात फी पूर्ण होत नाही हे मला माहितीय, पण पप्पांना त्या आठवड्यात अडत्याकडं हात पसरावा लागला नाही आणि बियाणं वेळेवर आलं, माझ्यासाठी हे सहा हजारांपेक्षा खूप जास्त आहे.

फी हप्त्यानं घ्या असा अर्ज आम्ही काही जणींनी मिळून दिलाय, त्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी दुसरा हप्ता दिवाळीनंतर ठेवा असं स्पष्ट लिहिलंय. अजून उत्तर नाही. तुमच्याकडं कुणी असा अर्ज करून मान्य करून घेतला असेल तर कसा केला ते मला जरूर सांगा.

आणि भिशीत सध्या एक वाद चालू आहे. या जूनला शेजारच्या खोलीत हिंगोलीची एक नवीन मुलगी येतेय, फर्स्ट इयरची, आम्ही अजून तिला बघितलेलं पण नाही, फक्त फोनवर बोललोय. तिच्या वडिलांकडं डिपॉझिटचे अर्धेच पैसे आहेत. मी म्हणतेय की भिशीचा पहिला नंबर तिला द्यायचा, म्हणजे तिनं स्वतःचे हजार भरले की लगेच सगळी रक्कम तिची. माझा जूनचा नंबर मी मागं घ्यायला तयार आहे, पप्पांशी बोलून झालंय, यंदा तुरीचे थोडे पैसे बाजूला ठेवलेत त्यांनी. दोघी जणी नको म्हणतायत, ओळख नाही पाळख नाही, मध्येच सोडून गेली तर काय. त्यांची भीती बरोबर आहे, हजार रुपये कुणालाच वर आलेले नाहीत. पण पहिल्या जूनला जिला सगळ्यात जास्त गरज असते तिलाच "आधी ओळख होऊ दे" म्हणायचं हे मला पटत नाही. रविवारी सगळ्या बसणार आहोत, मी तिच्या बाजूनं बोलणार आहे.