शरीररचनेची चित्रे आणि त्यामागच्या नोंदी
सॉफ्टवेअरसाठी शरीररचनेचे चित्र तयार करताना रेखाटनापेक्षा त्यामागच्या नोंदीच अधिक वेळ खातात. यकृतावर क्लिक केल्यावर यकृतच निवडले जावे, यासाठी प्रत्येक अवयव स्वतंत्र, बंदिस्त आकार म्हणून काढावा लागतो आणि त्याला उबेरॉनसारख्या, अवयवांच्या नावांच्या प्रमाणित शब्दसंग्रहातील क्रमांक जोडावा लागतो. यकृताचा क्रमांक तेथे ०००२१०७ आहे. संदर्भासाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्यूमन प्रकल्प, म्हणजे मृतदेहांच्या पातळ छेदांच्या छायाचित्रांचा संग्रह, अजूनही उपयोगी पडतो: त्यातील पुरुषदेहाचे छेद १ मिलिमीटर, तर स्त्रीदेहाचे ०.३३ मिलिमीटर अंतरावर घेतलेले आहेत. मात्र जठरामागे दडलेले स्वादुपिंड समोरून दाखवायचे, तर जठर पारदर्शक करावे की बाजूला सारावे, हे छेद सांगत नाहीत. अध्यापनासाठी मी पारदर्शकताच निवडतो, कारण तिच्यामुळे अवयवांचे परस्परांतील स्थान बिघडत नाही.