रोवणीच्या दिवसांत आलेली पिल्लं

जुलैचा दुसरा आठवडा. दिवसभर बांधीत वाकून धानाची रोवणी केली होती, पायांचा चिखलही धुतला नव्हता, तेवढ्यात धाकटा ओरडत आला, "आई, टाकीत अळ्या झाल्या!" टॉर्च घेऊन काचेजवळ बसले. अळ्या नव्हत्या त्या. धानाच्या दाण्याहून लहान अंग आणि त्यावर दोन टपोरे काळे डोळे. गप्पी माशाची पिल्लं! फिल्टरच्या नळीमागे दडून बसली होती. त्या संध्याकाळी आम्ही १९ मोजली.

मला धक्काच बसला, कारण आमच्याकडे नर उरलाच नव्हता. दिवाळीत नागपुरातून दोन नर, दोन माद्या आणल्या होत्या. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली ती सकाळीच आली. कूलर बंद, हवेचा पंप बंद, पाणी तापलेलं. दोन्ही नर गेले. धाकटा दोन दिवस नीट जेवला नव्हता. मग जुलैत पिल्लं कुठून? नंतर कळलं, गप्पीची मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने सांभाळून ठेवते आणि साधारण चार आठवड्यांनी एकेक वेत देत राहते. अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं.

माझं माहेर ढिवराचं. बाबांनी जन्मभर मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) तलावात, जाळं टाकलं. माझ्या डोळ्यांसमोर होती ती मरळ. मरळीची पिल्लं लालसर थव्यानं पाण्याच्या वर येतात आणि खाली आई-बाप पहारा देत फिरतात. अशा पिल्लांच्या मरळीवर बाबा कधी जाळं टाकत नसत. म्हणून वाटलं, आईजवळच राहू द्यावीत. तासाभरात पाहते तर त्याच मादीनं एक पिल्लू गिळलं. गप्पीला आपलं-परकं कळत नाही, तोंडात मावेल ते खाणं. मी चहाची वाटी बुडवून एकेक पिल्लू उचललं. जाळीनं धरू नका, इतकी नाजूक पिल्लं जाळीत चिरडतात.

पाण्याचा २० लिटरचा जुना कॅन वरून कापला आणि त्यात टाकीतलंच पाणी भरलं. नळाचं पाणी लगेच नाही वापरलं. आमच्या गावात विहिरीत जंतू मारायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, त्या दिवशीचं पाणी तर मुळीच नाही. बादलीत एक-दोन दिवस उघडं ठेवलं की चालतं. बोअरचं जड पाणी गप्पीला उलट मानवतं.

दुसऱ्या दिवशी लपायला म्हणून तलावातून हायड्रिला आणली. इथं माझी चूक झाली. वरवर धुऊन टाकली आणि तिच्याबरोबर चतुराची अळी आली. तिनं दोन रात्रींत चार पिल्लं खाल्ली. मला फार वाईट वाटलं. आता तलावातली कुठलीही वनस्पती आधी दोन-तीन दिवस वेगळ्या बादलीत ठेवते आणि पानापानातून बोट फिरवून पाहते.

खाण्याचं म्हणाल तर पिल्लू जन्मतःच खायला लागतं. मोठ्या माशांचंच खाद्य दोन बोटांत चुरून त्याचं पीठ करायचं, दिवसातून तीन-चार वेळा, अगदी चिमटीच्याही चिमटीएवढं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलकही चालतो, पण मोहरीएवढाच. जास्त पडला की पाणी नासतं. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलते, बुडाची घाण सलाईनच्या नळीनं ओढून. त्या चार पिल्लांनंतर एकच गेलं. १९ मधली १ आईनं खाल्ली, ४ अळीनं, १ नंतर गेलं. राहिली १३.

महिन्याभरात नर ओळखू येतात. पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार होतो आणि शेपटीवर रंग फुटतो. तेव्हाच नर आणि माद्या वेगळ्या करायच्या, नाहीतर भावंडांचंच वेत पुढं सुरू होतं.

आता खरी गोष्ट. धाकट्याला ही पिल्लं तलावात सोडायची होती. "मोकळी होतील ना आई," म्हणाला. त्याचं मन मोठं आहे, पण मी स्पष्ट नाही म्हटलं. गप्पी मूळचा व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा. तो इतर माशांची अंडी आणि बारकी पिल्लं खातो, आणि पैदास वाढायला एक मादी पुरते, हे तर आम्ही घरातच पाहिलं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, पण तलाव राहिले, आणि आमच्या भंडारा-गोंदियातली कितीतरी ढिवर घरं आजही त्यांच्यावर चूल पेटवतात. बाबांना फोन केला तर म्हणाले, "सोडला त सोडला बाई. मंग आमच्या जाळ्यात बी निंगत नाही थो." जाळ्याच्या भोकातून सहज निसटेल एवढाच तर मासा आहे.

मग मी आशाताईंना विचारलं. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं गप्पी पाळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी सहा नेले, शाळेच्या सिमेंटच्या टाक्यात सोडायला. मी आधी जाऊन टाकं पाहिलं. पावसात भरून वाहिलं तर पाणी नाल्याला मिळतं का? नाही, ते परसबागेत जिरतं. तेव्हाच दिले. ज्या भांड्याचं पाणी आठवड्याला ओतून कोरडं करता येतं, तिथं मासा कशाला? कूलरच्या टाकीतही नको, पंप ओढून घेतो.

सात घरी आहेत, तीन नर, चार माद्या, दोन वेगळ्या कॅनमध्ये.

आणि गेल्या रविवारी मोठ्या मादीनं दुसरं वेत दिलं, अजूनही नराशिवाय. या वेळी टाकीत हायड्रिलाचं जंगल आहे, म्हणून कुणालाही हलवलं नाही. काल रात्री मोजली तेव्हा ११ होती. धाकटा रोज वहीत आकडा लिहितो.